ऊदवाले अम्मो, तुमची तार उतरलीच नव्हती

अम्मो,

हे पत्र तुम्ही वाचणार नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला मराठी येत नाही आणि माझी अरबी 'अम्मो' म्हणजे काका आणि 'शुक्रन' म्हणजे आभार, एवढ्यावरच संपते. इंग्रजीत दोनदा लिहून बघितलं. दोन्ही वेळा बँकेला केलेल्या अर्जासारखं झालं. म्हणून आपल्या भाषेत लिहिते, आणि सगळ्यांसमोर लिहिते. ज्यांनी हे वाचायला हवं असे काही जण मराठी वाचतात, हेही एक कारण आहेच. त्यांच्याकडे मागाहून येते.

डिसेंबर २०२४ चा दुसरा शनिवार. ऑफिसातल्या माझ्या लेबनीज मैत्रिणीनं तीन तिकिटं हातात ठेवली होती. डिअरबॉर्नला अरब कलाकारांचा नाताळच्या सुट्टीचा कार्यक्रम. गाणी, विनोद, खाणं. मी बेसावधपणे घरी येऊन म्हटलं, "आई, संध्याकाळी कॅबरेला जायचंय." माझी आई त्र्याहत्तर वर्षांची, वाईच्या घाटावर भजनात जन्म गेलेला. तिच्या डोळ्यांसमोर थेट हेलन उभी राहिली. "तुम्ही या जाऊन, मी घरी बसते," म्हणाली आणि जपमाळ पुढं ओढली. माझ्या नवऱ्यानं समजावलं, "अहो आई, तसला नाही हो. ऑर्केस्ट्रा आणि नकला असतात ना आपल्याकडे, तसलं." तेव्हा कुठे ती तयार झाली, तीही पुढच्या रांगेत बसणार नाही या अटीवर.

आम्ही राहतो अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कँटनला. मिशिगन अ‍ॅव्हेन्यू धरून पूर्वेला निघालं की डिअरबॉर्न येतं. फोर्डचं गाव. १९१४ साली हेन्री फोर्डनं दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, ती बातमी पार लेबनॉनच्या डोंगरांत पोचली आणि माणसं येत राहिली. मागून येमेनी आले, इराकी आले, आणि आता निम्म्याहून जास्त गाव अरब आहे. दुकानांच्या पाट्या अरबीत, बेकरीबाहेर रांग, रांगेत पुढे कोण यावरून वाद. आई काचेतून बघत होती. "हे तर आपल्या मंडईसारखं आहे," म्हणाली. अमेरिकेत आल्यापासून एखाद्या जागेला तिनं दिलेली ही पहिली शाबासकी.

कार्यक्रमाबद्दल सगळं सांगत बसत नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. सूत्रसंचालन करणारी ती बाई! तिचं घराणं बेथलेहेमचं. म्हणाली, "लोक मला विचारतात, तुम्ही ख्रिश्चन कधी झालात? अहो, त्या रात्री आम्ही शेजारीच राहत होतो. आवाजाची तक्रार आमच्याच आजीनं केली." हशा ओसरू दिला आणि मग त्याच सुरात म्हणाली की गावच्या चौकातलं नाताळचं झाड युद्धामुळे सलग दुसऱ्या वर्षी उजळलेलं नाही, म्हणून आज इथे लावलंय, उसनं. हॉलमध्ये गाझातले, दक्षिण लेबनॉनमधले नातेवाईक असलेली माणसं बसलेली. कुणी काही बोललं नाही. तिनंही ताणलं नाही, लगेच येमेनी पोराला हात केला आणि त्यानं दरबुका, त्यांचा हातानं वाजवायचा ढोल, सुरू केला.

मग सँटाक्लॉज आणि विमानतळावरचा अधिकारी असा एक प्रवेश झाला. लांब दाढी, पासपोर्ट नाही, एका रात्रीत सगळे देश फिरलाय, आणि "बॅग कुणी भरली?" विचारलं तर म्हणतो, "बुटक्यांनी." नवरा आईच्या कानात भाषांतर करत होता. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, कारण ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला उतरली तेव्हा तिचीही बॅग उघडली होती. साड्यांच्या घडीत पितळी हातोडी. बाबांची, तबला लावायची. बाबा आदल्या वर्षी गेले. तबला वाईलाच राहिला, हातोडी मात्र ती जाईल तिथे घेऊन जाते. कस्टमवाल्याला हे कसं सांगायचं? तिनं त्याच्या टेबलावर बोटांनी धाधिंधिंधा वाजवून दाखवलं. सोडलं त्यानं.

एका खाल्डियन, म्हणजे इराकी ख्रिस्ती, गृहस्थांनी अरामी भाषेत स्तोत्र म्हटलं, येशू बोलायचा ती भाषा. डेट्रॉइटच्या एका कृष्णवर्णीय बाईंनी गॉस्पेल, म्हणजे त्यांच्या चर्चमधलं भजन, म्हटलं तेव्हा पाठीमागचं दार हलत होतं. नाताळच्या त्या घंटांच्या चालीवर अरबी शब्द आले आणि अख्ख्या हॉलनं ठेका धरला. मध्यंतरात वाडग्यांतून बर्बारा आली. संत बार्बाराच्या सणाला तुमच्याकडे करतात ती, शिजवलेले गहू, बडीशेप, मनुका, वर डाळिंबाचे दाणे. आईनं एक चमचा तोंडात घातला. "ही गव्हाची खीर आहे गं. गूळ विसरलेत." दुसरा वाडगा मागून घेतला तरी मत बदललं नाही.

आणि या सगळ्याला धरून एका कोपऱ्यात तुम्ही. करडा कोट, मांडीवर ऊद. आईनं मला विचारलं होतं, "ऊद म्हणजे आपण देवापुढं जाळतो तो?" मी नाही म्हटलं. घरी येऊन बघितलं तर शब्द एकच निघाला. लाकूड. आम्ही ते जाळतो, तुम्ही वाजवता. भोपळ्यासारखं पोट, मागे मोडल्यासारखी मान, पडदे नाहीत, अकरा तारा. मी दहावीपर्यंत पेटी शिकले, सुरांचं थोडं कळतं मला. तुम्ही बयाती नावाच्या मकामात, म्हणजे तुमच्याकडच्या रागात, काही वाजवत होतात, त्यात एक सूर असा होता की माझ्या पेटीच्या कुठल्याच पट्टीत तो सापडायचा नाही. आई डोळे मिटून बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता. तीन महिन्यांनी.

आता ते तीन महिने.

सप्टेंबरात आपल्याच एका मंडळाचा गणपती होता. नाव घेत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल, बाकीच्यांना आपापलं आठवेल. आईला अभंग म्हणायला सांगितलं होतं. आधी दहा मिनिटं, मग सहा, मग "काकू, चारात बसवता का?" तिनं चारात बसवलं. दोन तास विंगेत इरकल नेसून, पाणीसुद्धा न पिता बसली, कारण मधेच उठावं लागलं तर? प्रायोजकांची भाषणं झाली. घरं विकणाऱ्या एका साहेबांनी व्याजदरावर प्रवचन दिलं. मग आई उभी राहिली. ध्रुपद झालं, पहिलं चरण झालं, आणि दुसऱ्याला शब्द निसटला.

चाळीस वर्षं म्हटलेला अभंग. बाबा गेल्यापासून असं व्हायला लागलं होतं. शब्द जातो, थोडा वेळ दिला की परत येतो. देवघराच्या उंबऱ्यावर उभं राहून कशाला आलो ते आठवावं, इतकाच वेळ. तेवढा कुणी दिला नाही. निवेदक लगबगीनं पुढे आले, हसत हसत माईक हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "आजींच्या उत्साहासाठी जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. लेझीमचा ट्रॅक सुरू झाला. आई स्टेजच्या मधोमध उभी, आणि लहान पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी लेझीम घेऊन आत शिरली. तिला बाहेर पडायची वाट सापडेना.

नंतर एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "वय झालंय त्यांचं. कशाला त्रास देता? पुढच्या वेळी ट्रॅकवर बसवा, शब्द स्क्रीनवर येतात." फार समजूतदारपणे म्हणाले. त्या समजूतदारपणाचाच मला जास्त राग आला. त्यानंतर आई गायली नाही. सकाळी पूजेला गुणगुणायची, तेही बंद. आरती पुटपुटायची, सूर न लावता, वाचल्यासारखी.

अशा बाईला तुम्ही स्टेजवर कसं आणलंत, तो सगळा तपशील सांगत नाही. शेवटी 'घरचं एक गाणं' असा भाग होता, कुणीही यावं आणि आपल्या गावाचं काही म्हणावं. माझ्या मैत्रिणीनं आगाऊपणा करून आईकडे बोट दाखवलं. आई नाही नाही म्हणत होती. तुम्ही खाली उतरलात आणि "या हज्जा" म्हणत हात पुढे केलात. तुमच्याकडे म्हाताऱ्या बाईला मानानं हज्जा म्हणतात, हे मला नंतर कळलं. आईला ते 'आज्जा' ऐकू आलं. कोकणातल्या कुठल्याशा भाषेत आजीला म्हणत असतील, असं समजून ती उठली.

खुर्चीत बसली. तुम्ही नुसती भुवई उंचावून विचारलंत, सूर? तिनं बारीक हुंकार दिला. पांढरी चार. पूर्वी काळी चारात गायची, आता तीन स्वर खाली आलीय. तुमच्या एका तारेत तो षड्ज आयताच होता. तिनं भैरवीचा एक आलाप घेतला आणि तुमचा चेहरा उजळला. "कुर्द!" म्हणालात, ओळखीचा माणूस भेटल्यासारखे. मकाम कुर्द आणि आमची भैरवी, स्वर तेच. आमच्याकडे भैरवी झाली की मैफल संपते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, पण तुमच्या कार्यक्रमातही ती शेवटालाच आली.

ध्रुपद झालं. हॉलमधून कुणीतरी "अल्लाह!" म्हणून ओरडलं, आई दचकली, चुकलं की काय म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वाहवा आहे ती, आई. पहिलं चरण झालं. आणि मला दिसलं की तिचा उजवा हात मांडीवर थांबला.

मी स्टेजच्या बाजूच्या पायऱ्यांवर उभी होते. तो थांबलेला हात मी सप्टेंबरात बघितला होता. माझ्या पोटात गोळा आला. आता कुणीतरी टाळ्या वाजवणार.

तेवढ्यात तुमच्या ऊदमधून एक स्वर घरंगळत खाली गेला. भसाड्या आवाजात. तुम्ही हात वर केलात. "सॉरी, सॉरी, सॉरी!" कपाळावर हात मारलात. "हज्जा, माफ करा. हा ऊद सीरियातल्या अलेप्पोचा. याला मिशिगनची थंडी सोसत नाही, खुंट्या निसटतात. दोन मिनिटं." आणि खाली वाकून तार लावायला लागलात.

ती बेथलेहेमची बाई तयारच होती. "लोकहो, यांच्या लग्नातही हेच झालं. तीस वर्षं झाली, बायको अजून पहिल्या गाण्याची वाट बघतेय." हॉल फुटला. सगळे तुम्हाला हसत होते. तुम्हीही ओशाळं हसत होतात. आई पण हसली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

आणि तार लावता लावता तुम्ही अगदी हळू, माईकपासून ऊद वळवून, तिच्या पहिल्या चरणाची शेवटची ओळ वाजवत होतात. एकदाच ऐकलेली. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या वेळेला आईचा हात मांडीवर पडला. तुम्ही मान वर करून म्हणालात, "आता बरोबर आहे." ती गायली. दोन्ही चरणं, शेवटची नाममुद्रा, वर एक छोटी तान, जी मी बाबा असताना ऐकली होती, त्यानंतर नाही.

ऊदची मान मागे वळलेली असते. समोर बसलेल्यांना खुंट्या धड दिसत नाहीत. मी बाजूला होते, अम्मो. मी तुमचं बोट बघितलं. तार निसटली नव्हती. तुम्ही खुंटी फिरवून ती उतरवलीत, आईचा हात थांबल्याबरोबर, आणि मग जितकी उतरवली तितकीच चढवलीत.

कार्यक्रमानंतर तुमच्याशी बोलायला आले तर तुम्ही ऊदचा विषयच काढू दिला नाहीत. मुंबईच्या जवळची आहे म्हटल्यावर तुम्ही अब्दुल्ला अल-फरजचं नाव काढलंत. कुवेतच्या सौत गायकीचा आद्यपुरुष म्हणतात तो मुंबईत राहिला, तिथेच गाणंबजावणं शिकला. "तुमच्या गावाचं आम्ही देणं लागतो," म्हणालात. मी आभार मानायला आलेली, आणि उलट तुम्हीच माझे मानताय! तुमच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. मैत्रिणीनं मग सांगितलं, तुम्ही दोन आठवडे धड झोपला नव्हतात. नोव्हेंबरच्या अखेरीस अलेप्पो बंडखोरांच्या हाती पडलं, आदल्याच रविवारी सीरियाचा सत्ताधीश असद पळाला, तुमची बहीण तिकडे. रात्रभर फोन. आनंद करायचा की घाबरायचं हेही ठरत नव्हतं. अशा माणसाला एका अनोळखी म्हातारीचा ताल धरणारा हात थांबलेला दिसतो. आमच्या मंडळींना समोर स्टेजवर, दिव्यांच्या झोतात दिसला नाही. एवढंच मला म्हणायचं होतं, म्हटलं.

मदत करून टाळ्या घेणारे मी पुष्कळ बघितलेत. त्यांत मीही आले. मदत करून स्वतःवर हसू ओढवून घेणारा माणूस मी पहिलाच बघितला. तुमच्या लोकांत ही रीतच आहे की काय कोण जाणे. त्या बाईनं कार्यक्रमात डॅनी थॉमसचा उल्लेख केला होता. लेबनीज आईबापांचा मुलगा, जन्म मिशिगनचाच, लोकांना हसवून पोट भरणारा. पडत्या काळात संत ज्यूडला नवस बोलला, आणि नाव झाल्यावर तो फेडायला १९६२ साली मेम्फिसला मुलांच्या कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं, जिथे आईबापांच्या हातात बिल देत नाहीत. पैसे उभे करायला लेबनीज-सीरियन दुकानदारांना हाताशी धरलं. आमच्याकडेही नवस फेडतात, नाही असं नाही. पण देणाऱ्याच्या नावाची फरशी आधी बसते.

जाऊ दे. चिडायचं नाही असं ठरवून बसले होते.

गाडीत आई म्हणाली होती, "बिचारा, ऐन वेळी तार उतरली त्याची. किती शरमला." मी काही बोलले नाही. नवरा काही तरी बोलणार होता, त्याला चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा करताना मला देवघरातून आरती ऐकू आली. सुरात. मी गॅस बंद करून तिथेच उभी राहिले.

आई फेब्रुवारीत परत गेली. घाटावरच्या भजनात पुन्हा बसायला लागलीय. हे पत्र लिहायला मला इतका उशीर का झाला, तर तुमचं गुपित फुटेल म्हणून. आई स्वतः फेसबुकवर नसली तरी वाईत बातमी पोचायला फेसबुक लागत नाही. शेवटी परवा फोनवर मीच आडून विचारलं, "आई, ते ऊदवाले आठवतात का गं? ज्यांची तार उतरली होती?"

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग हसली.

"अगं, मला काय कळत नाही? चाळीस वर्षं भजनात काढलीत. कुणी शब्द विसरलं की तुझे बाबा काय करायचे? 'तबला उतरला' म्हणायचे आणि हातोडी घ्यायचे. अख्खं गाव म्हणायचं, मास्तरांचा तबला फार उतरतो. बिचाऱ्याच्या पुडीला नावं ठेवायचे सगळे."

मला हे माहीत नव्हतं. मी लहानपणापासून त्या तबल्याशेजारी बसत आले, आणि मलाही वाटायचं, बाबांचा तबला खराब आहे.

"मग गाडीत बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"त्यांनी झाकलं, मी कशाला उघडं करू? आता तू लिहिणारच आहेस तर त्यांना एक सांग."

सांगते, अम्मो. तिचाच निरोप आहे, एक अक्षर बदललेलं नाही: "त्यांना म्हणावं, वाजवता छान. पण चढवायला वेळ फार घेतलात. आमच्या ह्यांना हे तीन ठोक्यांत जमायचं."